लाखेखालचा स्क्रू

सोलापूरच्या पुणे नाक्यावर हिंदुराव मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, वर चार पत्रे, खाली एक खड्डा आणि दाराशी एक लिंब. पण मोडनिंबपासून होटगीपर्यंत कुणाची गाडी खोकायला लागली की ती त्या खड्ड्यावर येऊन उभी राहायची. हिंदुराव लगेच पान्याला हात घालायचा नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. जोंधळ्याच्या रानात राखणीला बसलेला माणूस एकेक पाखराचा आवाज वेगळा काढतो, तसा तो इंजिनाचा एकेक ठोका वेगळा काढायचा. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवायचा, आणि दमेकऱ्याला उतार पडावा तशी गाडी शांत श्वास घ्यायला लागायची.

शिक्षण चौथी. मोडनिंबला थोरल्या भावाच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं, ते उघडता-जोडता तो शिकला. पुढं हायवेवरच्या लॉऱ्या आल्या. लॉरीचा डिझेल पंप कारखान्यातनं शिशाचं सील मारून यायचा, कुणी हात लावू नये म्हणून. हायवेवरचा कुठलाही मिस्त्री आधी ते शिसंच तोडायचा, आतला स्क्रू फिरवायचा, आणि लॉरी चढाला पळायला लागायची. हिंदुरावनं असली शेकडो शिसं तोडली होती. सील म्हणजे कारखान्यातल्या साहेबाचं भ्यालेपण, असं तो म्हणायचा. पुढं जे घडलं त्याचं मूळ या बोलण्यात होतं.

चाटी गल्लीत चनमल्लप्पा सावकारांचं चादरींचं दुकान. त्यांचा मुलगा सिद्धप्पा सात वर्षं जर्मनीत मागाच्या कारखान्यात होता. बाहत्तर साली परतला तेव्हा तिथली आपली जुनी गाडी बोटीतनं घेऊन आला. दुधावरच्या सायीच्या रंगाची. वर्षभर राहिला, पण इथं त्याचं मन रमलं नाही, पुन्हा गेला. गाडी मागं राहिली. म्हातारा रोज तीत बसून सिद्धेश्वराच्या देवळाला जायचा.

त्या गाडीला कार्बोरेटरच नव्हता. प्रत्येक सिलिंडरला आपली एक बारीक पिचकारी, ती विजेनं उघडायची आणि मिटायची. किती वेळ उघडायची ते एक बंद पेटी ठरवायची, आणि इंजिन किती ओढतंय ही खबर त्या पेटीला द्यायची मुठीएवढी एक डबी. इंजिनापासून त्या डबीपर्यंत बोटाएवढी रबरी नळी गेली होती. डबीच्या तोंडावर लाख ओतून आतला स्क्रू कायमचा बंद केलेला.

पंचाहत्तरच्या चैत्रात गाडी काळा धूर ओकायला लागली. सावकार स्वतः गॅरेजवर आले.

"हिंदुराव, वैशाखात सिद्धप्पा येतोय पंधरा दिवसांसाठी. टेसनावरनं त्याला ह्याच गाडीतनं आणायचाय. चालती गाडी बघून पोरगं राहिलं तर राहिलं."

"येईल की मालक. पेट्रोल पिणारी कुठलीबी असू द्या, माझ्या हातनं सुटत न्हाय."

विजेचा मामला म्हणून सावकारांनी बाळीवेशीतल्या रुद्रप्पालाही बोलावून घेतलं. रुद्रप्पा रेडिओ दुरुस्त करायचा. बारीक अंगाचा, कपाळाला विभूती, बोलणं कमी आणि ते निम्मं कानडी. त्याचा आणि हिंदुरावचा दहा वर्षांचा दोस्ताना. दोन दिवस त्यानं मीटर लावून एकेक तार तपासली.

"तारा समद्या बऱ्या हायत," तो म्हणाला. "आता ही नळी काढून बघ. रबर हाय. सोलापूरचे तीन उन्हाळे खाल्लेत तिनं."

"नळी दिसतीय की धडधाकट. अरं रेडिओवाल्या, तू मला गाडी शिकिवतोस व्हय? उद्या मी तुझ्या रेडिओत बसून बातम्या देतो बघ."

"दे की. तुझा आवाज ऐकून लोक रेडिओच इकतील." रुद्रप्पा हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण त्या डबीला हात लावू नको गड्या. लाख उगं लावलेली न्हाय."

एवढं सांगून तो घरी जेवायला गेला.

हिंदुराव एकटा राहिला. दुपार रणरणत होती. त्यानं कान लावला. इंजिनाचं पोट पेट्रोलनं तुडुंब झालंय एवढं त्याला कळत होतं, आणि ते कमी करायचा स्क्रू कुठं आहे तेही कळत होतं. त्यानं चाकूच्या टोकानं लाख खरवडली. अर्धा आटा फिरवला. धूर विरळ झाला. आणखी पाव. धूर गेला, आणि गाडी उभ्या जागी अशी गुळगुळीत चालली की हिंदुरावच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जर्मन असली म्हणून काय झालं!

मग तो रस्त्यावर गेला. नाका ओलांडून चढाला लागताच गाडीनं आचका दिला आणि मागनं फटाके उडवले. त्यानं तिथंच थांबून स्क्रू उलटा फिरवला. धूर. सुलटा, फटाके. स्क्रू आता अडत होता. हिंदुरावनं मनगटाचा जोर लावला, आणि डबीच्या आत काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज झाला. गाईच्या खुराखाली वाळलं काटूक मोडावं, एवढाच. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही गेला नसता.

गाडी ढकलत परत आणली. रुद्रप्पानं डबी पाहिली, खरवडलेली लाख पाहिली आणि मीटर पिशवीत घातला.

सिद्धप्पा आला तो टांग्यातनं. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाबरोबर गॅरेजवर उतरला. रुद्रप्पालाही बोलावणं गेलं होतं. सिद्धप्पानं बाह्या सरसावल्या आणि सरळ त्या नळीला हात घातला. ती काढून उलटी केली. खालच्या अंगाला बोटभर लांब चीर होती. वरून दिसणार नाही अशी.

"एवढंच होतं, अप्पा. इथून हवा शिरून डबी पेटीला खोटी खबर देत होती. नळी बदलली असती तर गाडी त्याच दिवशी चालली असती." मग त्याचं लक्ष डबीकडं गेलं. "ही कुणी उघडली? ही आता गेली. ही इथं मिळणार नाही. तिकडंसुद्धा ह्या मॉडेलची मिळेल का, सांगता येत नाही."

सावकार वळले ते रुद्रप्पाकडं. डबे उघडणं हे रेडिओवाल्याचंच काम, यात त्यांना शंका कसली?

"मी न्हाय उघडली, सावकार."

"मग हिंदुराव उघडंल? त्यानं जन्मात विजेच्या कामाला हात लावलाय का?"

"हिंदुरावलाच इचारा."

सगळे हिंदुरावकडं बघायला लागले. त्याच्या हातात तेलकट चिंधी होती, तिनं तो बोटं पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता. हिंदुरावच्या हातानं गाडी मेली, हे एक वाक्य उद्या नाक्यावरच्या प्रत्येक लॉरीबरोबर मोडनिंबपर्यंत जाईल, भावाच्या विहिरीवर पोचेल, हे त्याला दिसलं. रुद्रप्पा त्याच्याकडं बघत उभा होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो नुसता थांबला होता.

"मी तवा जेवायला गेलतो," हिंदुराव म्हणाला.

रुद्रप्पानं मान खाली घातली. पायात चपला सरकवल्या आणि बाळीवेशीचा रस्ता धरला.

सिद्धप्पा पंधरा दिवसांनी गेला. गाडी चालती असती तरी तो गेलाच असता, असं लोक म्हणत. खरं खोटं कोण जाणे. मग सावकारांच्या सांगण्यावरून हिंदुरावनं त्या गाडीच्या पिचकाऱ्या, पेटी, सगळं उतरवलं आणि मोडीतला एक कार्बोरेटर, मधे जोडाला नवा लोखंडी पाट घडवून, बसवला. काम अस्सल झालं. आठ दिवस तो त्या स्क्रूला कान लावून बसला होता. चाटी गल्लीत नाव झालं, की रेडिओवाल्यानं मारलेली गाडी हिंदुरावनं उठवली. बायको बजाबाई म्हणाली, "एवढं नाव झालं, आन् तुमी घास का चिवडताय?" तो म्हणाला, "मीठ जास्त झालंय."

चाटी गल्लीतल्या लोकांनी रुद्रप्पाकडं रेडिओ टाकणं बंद केलं. कुणी त्याला दूषण दिलं नाही. नुसते दुसरीकडं गेले. वर्षाच्या आत त्यानं गाळा सोडला आणि बायकोच्या गावी, मंद्रूपला गेला.

साय-रंगाची गाडी रोज नाक्यावरनं जायची नाही, पण जेव्हा जायची तेव्हा हिंदुराव हातातलं काम थांबवायचा. ती चांगली चालत होती. पण पिचकाऱ्यांवर चालताना तिचा आवाज कसा होता, ते कान देऊन ऐकलेले सोलापुरात दोघंच होते, आणि त्यातला एक आता मंद्रूपला होता.

असं तीन वर्षं चाललं. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत सावकार तेल बदलायला आले. खूश होते. "सिद्धप्पाला पत्र लिवलंय बघ. म्हणलं, तुझी गाडी हिंदुरावनं राखली, न्हायतर त्या रुद्रप्पानं..."

"मालक, डबी मी उघडली."

खड्ड्यातनंच बोलला तो. वर यायचं धाडस झालं नाही. वर पाय दिसत होते सावकारांचे, पांढऱ्या धोतरातले. मग सावकार म्हणाले, "हे तू मला सांगून काय करतोस?" आणि जुनं तेल अर्धंच गळालेलं असताना गाडी तिथंच टाकून चालत निघून गेले.

बाजाराच्या दिवशी हिंदुराव एस्टीनं मंद्रूपला उतरला. मिरच्यांच्या ढिगाऱ्यापलीकडं एका मेजावर चार उघडे ट्रान्झिस्टर आणि मागं रुद्रप्पा. केस पिकले होते.

"सावकारांना सांगितलं मी," हिंदुराव म्हणाला. "समदं."

रुद्रप्पानं तारेला कथलाचा डाग देणं थांबवलं नाही. "बरं केलंस. लई उशीर केलास, पण बरं केलंस."

"बाळीवेशीतला तुझा गाळा रिकामाच हाय. चल की. मी सोता चाटी गल्लीत दुकान-दुकान फिरून सांगतो."

"आन् मी तितं बसून काय करू? एकेकाची वाट बघू, ह्यो येतो का, त्यो येतो का?" त्यानं धूर फुंकून बाजूला केला. "हितं लोक रेडिओ टाकत्यात आन् बाजार करायला जात्यात. आत काय केलं, कुणी इचारत न्हाय. मला ते बरं वाटतंय, हिंदुराव."

तेवढ्यात एक म्हातारी आली. रुद्रप्पानं तिच्याशी कानडीत बोलत ट्रान्झिस्टर लावून दाखवला. ती मायेनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवून, आपल्या कानशिलावर बोटं मोडून गेली. हिंदुराव उभाच होता. मेजाच्या या बाजूला बसायला काही नव्हतं, आणि रुद्रप्पानं काही पुढं केलंही नाही.

"सोलापूरची गाडी लागलीय बघ," रुद्रप्पा म्हणाला. "ही गेली तर मग एकदम पाचची."