बाप्पाच्या पाटाखालचा तांबेरा

बुरशीचा एकुलता एक नमुना मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून गणपतीच्या कारखान्यात वाळत ठेवला. मूर्तींच्या कारखान्यात जुन्या वर्तमानपत्राचं काय होतं हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही. जन्म पेणमध्ये गेलाय.

पानांवर पडणारा तांबेरा, म्हणजे नारिंगी ठिपक्यांची बुरशी, गोळा करणं हा माझा नाद. कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात रोह्याच्या एका तांबेऱ्याची नोंद होती, पण त्या पाकिटातलं पान किड्यांनी फस्त केलेलं. त्याच तांबेऱ्याचं माझं पान तिथं पोचलं तरच त्या नोंदीला पुरावा उरणार होता. दुसरं आणावं तर झाडच रस्तारुंदीत गेलेलं. त्यात श्रावणात पान नीट वाळलं नाही, तर बुरशीवरच बुरशी चढते. शेजारच्या मूर्तिकाराकडे मूर्ती वाळवायला मोठे दिवे सतत चालू असतात, म्हणून ही अक्कल लढवली.

चतुर्थीच्या सकाळी पान आणायला गेलो, तर कारखाना रिकामा.

"ती पेपरची घडी होय?" मूर्तिकार म्हणाला. "रोह्याच्या अलीकडे अष्टमी गावात काल मूर्ती पोचवली ना, तिथं पाट डुगडुगत होता. खाली सारली."

मी घराचा पत्ता घेतला आणि स्कूटर काढली. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की विसर्जनापर्यंत मूर्ती हलवत नाहीत, आणि तोवर त्या पाटावर रोज पाणी, रोज ओल्या दूर्वा. वाटेत घराघरांतून घंटा वाजत होत्या. प्रत्येक घंटा मला अष्टमीतल्याच घरची वाटत होती.

दारात पोचलो तेव्हा गुरुजींनी अक्षता हातात घेतल्या होत्या.

"थांबा!" मी ओरडलो.

"काय झालं वो?" घरातल्या आजींनी विचारलं.

"पाटाखाली माझं पान आहे."

"कसलं पान?"

ऐन वेळी खोटं सुचेल तर शपथ. "रोग पडलेलं," मी म्हणालो.

"बाप्पाखाली रोग? उचला रे आधी!"

आजींचे दोन्ही मुलगे धावले, मी पाटाशी वाकलो. पाट बोटभर वर आला, मूर्ती माझ्या अंगावर कलली, कोणीतरी "अरे, सोंड!" म्हणून किंचाळलं. मी डोळे मिटून घडी ओढली आणि तिथंच बसून उलगडली. देठ मोडला होता. पण पानामागचे नारिंगी ठिपके जिथल्या तिथं होते.

मुलांनी पाट खाली टेकवला. तो डुगडुगला. गुरुजी, मुलगे, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आजी, आता खाली काय घालू?"

"तुमचं डोकं घाला. नायतरी ते रिकामंच हाय."