एकेचाळीस जणांचा जामीनदार

ओमानमधल्या इब्रा गावातल्या आमच्या कंपनीत कॉनराड तुस्कानो प्लंबरांचा मुकादम होता. मूळचा वसईजवळच्या गासचा, १९९० साली इकडे आलेला. भिंतीला कान लावून पाइप कुठे गळतोय ते सांगायचा आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. चौदा वर्षांत त्याने कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यामुळेच तो अडकला.

मी तिथे हिशेब आणि कार्यालय असं दोन्ही सांभाळत असे. आमचे मॅनेजर उल्हासराव चित्रे. ते पुरोगामी विचारांचे होते. कामगाराला पगारी सुट्टी मिळालीच पाहिजे, असं ते नेहमी म्हणत. कायद्यातही ती होतीच. उल्हासरावांची चिंता एवढीच होती की सुट्टीवर गेलेला परत येईल कशावरून? सन २००० मध्ये दोन वेल्डर गावी म्हणून गेले आणि दुबईत कामाला लागले. त्यावर उल्हासरावांनी एक योजना काढली आणि मी तिचा फॉर्म तयार केला. फॉर्म व्यवस्थित होता. समास सारखे, कलमं तीन. सुट्टीवर जाणाऱ्याने कंपनीतल्या एका कामगाराची जामीन म्हणून सही आणायची. गेलेला परत येईपर्यंत जामीनदाराला सुट्टी नाही. आणि सुट्टीचा पगार परत आल्यावर. म्हणजे माणूस बिनपगारी सुट्टीवर जाई आणि परतला की ती पगारी होई.

स्टाफला हा फॉर्म लागत नसे. मी दर जूनमध्ये तीस दिवसांची पगारी सुट्टी घेऊन पुण्याला जायचो. मी परत येईन की नाही, अशी शंका कुणाला आली नाही. मलाही आली नाही.

जामीन राहायला लोक कचरत. दुसऱ्यासाठी आपली सुट्टी कोण अडकवून घेणार? कॉनराड मात्र सही करायचा.

“जा रे, आईला भेटून ये,” एवढंच म्हणायचा.

शुक्रवारी तो मस्कतला, रुवीच्या चर्चला जाई. संध्याकाळी खोलीवर परत येई तेव्हा उशीखाली एकदोन फॉर्म ठेवलेले असत. चार वर्षांत त्याने एकेचाळीस सह्या केल्या. गेलेले एकेक करून परत येत. फक्त प्रत्येक वेळी एक परत यायच्या आत दुसरा गेलेला असे, त्यामुळे कॉनराडची स्वतःची सुट्टी चार वर्षं निघालीच नाही. उल्हासराव त्याचं उदाहरण देत. वार्षिक समारंभात त्याला ‘एकही दिवस रजा न घेणारा कर्मचारी’ म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. मानपत्र मीच टाइप केलं होतं.

२००४ च्या जानेवारीत त्याची बायको इरीन हिचा फोन आला. मुलीचं, इलेनचं, लग्न ठरलं होतं. उपवासकाळात लग्नं होत नाहीत आणि जूनमध्ये पाऊस, म्हणून ईस्टर झाल्यावर नऊ मे, रविवार. त्या दिवसापासून कॉनराडने नव्या फॉर्मवर सही करणं थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो ‘नाही’ म्हणायला शिकत होता. “पुढच्या वेळी करतो हां,” असं म्हणून तो नळ दुरुस्त करायला निघून जाई. मार्चपर्यंत त्याची बाहेर गेलेली सगळी माणसं परत आली.

एक सोडून. रमण, देवगडचा एसी मेकॅनिक. नोव्हेंबरात पंचेचाळीस दिवसांसाठी गेला होता. त्याची बायको जयवंती स्टँडजवळ खानावळ चालवायची. ती आजारी पडली, रमणने चुलीचा ताबा घेतला आणि तिथेच रमला. जानेवारीत त्याने पत्रही पाठवलं होतं: ‘माझी वाट पाहू नये.’

उल्हासराव चिडले. त्यांनी फॉर्मला चौथं कलम जोडायला लावलं: यापुढे एकाने एकाच माणसासाठी जामीन राहायचं, आणि ज्याच्या नावावर बाहेर गेलेला कुणीही नाही अशाच हजर कामगाराची सही चालेल. रमणचा व्हिसा मात्र त्यांनी रद्द केला नाही. फाइल उघडी राहिली तर निदान जामीनदार तरी हातचा राहतो, हा त्यांचा हिशेब.

कॉनराड अर्ज घेऊन आला तेव्हा मी तिथेच होतो.

“रमणला आणा, मग जा,” उल्हासराव म्हणाले.

“साहेब, तो नाही येत आता.”

“मग नियम काय म्हणतो? मुलगा आहे ना तुमचा, ॲलिस्टर? तो नेईल बहिणीला वेदीपर्यंत. आणि हल्ली व्हिडिओ शूटिंग किती छान करतात! तुम्ही इथे बसून सगळं बघाल.”

“साहेब, व्हिडिओत बाप दिसायला बाप तिथे असावा लागतो.”

उल्हासरावांनी चहा मागवला. तो त्यांचा संभाषण संपल्याचा इशारा असे.

कॉनराडने रमणला पत्र लिहिलं नाही. “त्याची बायको आजारी आहे, त्याला कसं बोलावू?” म्हणाला. इरीनला फोनवर मात्र सगळं सांगितलं. त्याने तिला एवढंच सांगायला हवं होतं की मी येऊ शकत नाही. रमणचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, ही त्याची चूक. की शहाणपण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिकडे गासच्या चर्चमध्ये, लग्नाआधी तीन रविवार करतात त्यातली, लग्नाची पहिली घोषणा झाली. त्याच रात्री इरीन एसटीत बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती देवगडला रमणच्या खानावळीत पोचली. माशाचं ताट मागवलं, पोटभर जेवली, पैसे दिले आणि पिशवीतून लग्नाची पत्रिका काढून रमणसमोर ठेवली. पुढचं मला रमणनेच सांगितलं.

“वहिनी, मी नक्की येईन लग्नाला,” रमण म्हणाला.

“तुम्ही लग्नाला यायचं नाही,” इरीन म्हणाली. “म्हणूनच पत्रिका द्यायला आलेय. नऊ तारखेला तुम्ही ओमानला असायचं. तुम्ही तिकडे असाल तर इलेनचा बाप इकडे असेल.”

आतून जयवंती बाहेर आली. ती आता बरी होती. तिने पत्रिका वाचली आणि नवऱ्याला म्हणाली, “चूल माझी हा. तू जा.”

सहा महिन्यांच्या आत परतलं नाही तर इथला व्हिसा जातो. रमणचे दहा-बारा दिवस उरले होते. अठ्ठावीस एप्रिलला तो इब्राच्या कार्यालयात येऊन उभा राहिला. अंगाला अजून तळलेल्या मासळीचा वास, शर्टाच्या खिशात लग्नपत्रिका. माझ्या रजिस्टरमध्ये हजेरीची सही करून त्याने विचारलं, “साहेब, कॉनराड सुटलो मा आता?”

सुटला होता. पण चौथ्या कलमाप्रमाणे त्याला आता कुणाची तरी सही हवी होती. मे महिना जवळ आलेला, अर्धी माणसं गावी गेलेली आणि उरलेला प्रत्येक जण कुणा ना कुणाचा जामीन. मी यादी तपासली. सगळ्या कंपनीत एकच माणूस मोकळा होता.

“हा?” उल्हासराव ओरडले. “पळून गेलेला माणूस जामीन?”

“पळून गेला होता, परत आलाय,” मी म्हणालो. “कलम चारमध्ये फक्त ‘हजर’ लिहिलंय. स्वभावाचा उल्लेख नाही.”

“कुणी लिहिला हा फॉर्म?”

“मीच. तुम्ही सांगितल्याप्रमाणे.”

“मंगळवारी बघू.”

कॉनराडचं तिकीट सोमवारचं होतं. त्यानंतर विमानात जागा थेट बारा तारखेची.

त्या वर्षी एक मे शनिवारी आला, म्हणून मस्कतमधल्या मराठी मंडळींनी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन मिळून आदल्या दिवशी, शुक्रवारी, साजरा केला. प्रमुख वक्ते उल्हासराव. खुर्च्या लावायला आणि पाण्याच्या टाक्या भरायला आमच्याच कंपनीचे दहा कामगार, त्यांच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी. कॉनराड सभागृहाच्या मागचा नळ दुरुस्त करत होता.

उल्हासराव छान बोलले. “युरोपात कामगाराला वर्षाला चार-पाच आठवडे भरपगारी सुट्टी असते! उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून! विश्रांती ही मालकाने टाकलेली भीक नाही. माणसाला घर असतं, हे मान्य करण्याची ती रीत आहे!” टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. ते भाषण मला पटलं होतं, आजही अक्षरशः पटतं. फक्त ते आमच्या कंपनीच्या मॅनेजरने ऐकायला हवं होतं, असं मनात आलं.

टाळ्या चालू असतानाच रमण व्यासपीठावर चढला. हात ओले. जामीन म्हणून आपली सही केलेला कॉनराडच्या सुट्टीचा फॉर्म त्याने उल्हासरावांच्या पुढ्यात ठेवला.

“साहेब, मस्त बोल्लात. तेच्यावर एक सही व्हयी.”

“अरे, इथे कुठे...”

“हक्काचो कागद हा, साहेब. तुमीच सांगलात.”

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, “काय आहे हो?” रमणने लग्नपत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. “आमच्या कॉनराडच्या पोरीचा लगीन. बापाक सुट्टी मिळतली, असा साहेब म्हणतत.” बाईंनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. उल्हासराव पेन शोधू लागले. माझ्या खिशात दोन पेनं असतात, त्यातलं एक मी दिलं.

कॉनराडला हे सगळं नळ बंद करून पुढे आल्यावर कळलं. तो ओल्या हातांनी रमणचा हात धरून उभा राहिला.

सोमवारी तो गेला. रविवारी इलेनला वेदीपर्यंत त्यानेच नेलं. रमण इब्रामध्ये एसी दुरुस्त करत राहिला. त्याच्या नावावर आता एक माणूस बाहेर होता.

सुट्टी तीस दिवसांची. कॉनराड एकोणतिसाव्या दिवशी परत आला. मला एका कामासाठी मस्कतला जायचं होतं, म्हणून रमणला गाडीत घेऊन मीच त्याला आणायला तिथल्या सीबच्या विमानतळावर गेलो.

“येक दिस आधी कित्याक इलंस रे?” रमण त्याच्यावर खेकसला.

“तुला खानावळीत परत जायचंय ना,” कॉनराड म्हणाला आणि लग्नाच्या केकचा डबा त्याच्या हातात ठेवला.

पुढच्या बैठकीत उल्हासरावांनी सांगितलं की योजना यशस्वी झाली: फरार माणूस परत आला आणि सुट्टीवर गेलेला एक दिवस आधीच हजर झाला. मी ते इतिवृत्तात लिहिलं. इरीनच्या एसटी प्रवासासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

त्याच दिवशी रमणने राजीनामा आणून माझ्या टेबलावर ठेवला.

“ह्येका जामीन कोणाचो लागता, साहेब?”

मी सगळे कागद चाळून पाहिले. सुट्टीवर जायला एक माणूस ओलीस ठेवावा लागे. कायमचं जायला कुणाचीच सही लागत नव्हती.

“कुणाचाच नाही,” मी म्हणालो.

दाराशी कॉनराड उभा होता, हातात कुणाचा तरी नवा फॉर्म. त्याने तो माझ्यापुढे धरला आणि माझ्याकडे बघत विचारलं, “साहेब, ह्यावर आज सही करू, की आधी हा कागदच बंद करता येतो का ते बघता?”

मी त्याच्या हातातून फॉर्म घेतला आणि उल्हासरावांच्या खोलीत जाऊन त्यांच्यासमोर बसलो. माझ्या जूनच्या सुट्टीचा अर्जही, या वेळी त्याच फॉर्मवर लिहून, बरोबर घेतला होता. जामीनदाराच्या रकान्यात सहीची जागा मी मोकळी ठेवली होती. “ही सही तुम्ही करा,” मी म्हणालो, “नाहीतर हा फॉर्म सगळ्यांसाठीच फाडा.”

उल्हासरावांनी चहा मागवला. मी उठलो नाही.