मामांची जळकी गोळी

कापडाच्या बाबतीत कधी खोटं न बोललेला आणि दारूच्या बाबतीत कधी खरं न बोललेला माणूस उभ्या गुलमंडी बाजारात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा कापडदुकानात नोकरीला होते. गिऱ्हाइकाला शंका आली की काठाचा धागा ओढून काडीने जाळायचे, राख बोटांत चुरायचे आणि "मिक्स हाय, घेऊ नका" असं सांगून टाकायचे, मालक कितीही डोळे वटारो. हाच माणूस संध्याकाळी झुलत घरी आला की मामींना मात्र "उसाचा रस लई चढला" म्हणायचा. मामी ताट वाढायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "एकदा तरी खरं सांगा."

मामी गेल्या. वर्षभराने मामा आपण होऊन एका दवाखान्यातल्या औषधांच्या चाचणीत दाखल झाले. दोन औषधं एकत्र दिली तर दारूची ओढ कमी होते का, हे तिथे पाहत होते. काहींना खऱ्या गोळ्या, काहींना हुबेहूब तशाच, पण औषध नसलेल्या. कुणाला कोणत्या, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसे. रोज किती प्यायलो ते वहीत लिहायचं. मामा लिहायचे, "दोन पेग. जावईबापूंना ताक प्यालो म्हणून सांगितलं."

पण खरं-खोटं न पारखता राहणं कापडवाल्याला किती दिवस झेपणार? एका सकाळी मामांनी दोन्ही गोळ्या चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळल्या, राख चुरली, हुंगली आणि वहीत नोंद केली, "दोन गोळ्या जाळल्या. काय कळलं नाय." डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून माझ्यादेखत त्यांना झापलं. मामा म्हणाले, "मॅडम, मी लिहिलंच नसतं तर तुमाला कळलं असतं का?" बाईंना हसू आवरेना.

हळूहळू वहीत शून्यं यायला लागली. मला विश्वास नव्हता. दोनदा मी जवळ बसून चोरून वास घेतला. काही नव्हतं.

चाचणी संपली आणि परवा दवाखान्यातून पत्र आलं. मामांना कोणती गोळी होती ते त्यात लिहिलेलं असणार होतं. मामांनी लिफाफा उन्हात धरला आणि न फोडताच माझ्या हातात दिला.

"जावईबापू, तुमच्याकडंच ठेवा."

"अहो मामा, धागा जाळून बघणारे तुम्ही!"

"खरी निघाली तर ठीक हाय. पण खोटी निघाली, तर मंग हे मला तुमची मामी असतानाबी जमलं असतं की."

मला मामींची फार आठवण आली. लिफाफा माझ्या कपाटात आहे. मीही तो फोडलेला नाही.