मोकळ्या प्लॉटच्या फेऱ्या

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत दूध आणायलाही सगळे स्कूटरवर जातात. चोपड्याहून लेकाकडे राहायला आलेल्या शेजारच्या अक्का मात्र रोज संध्याकाळी मोकळ्या प्लॉटला फेऱ्या घालायच्या. अंगावर नऊवारी, पायात लेकाचे बूट. मी स्कूटर थांबवली की म्हणायच्या, "गाडीवर बशीसन पाय चालनं भुली जातस."

एकदा गंमत म्हणून मी त्यांचा व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. सगळे खूप हसले. दुसऱ्या दिवसापासून अक्का दिसेनात.

आठवड्याने त्यांच्याकडे गेले, तर पडदे ओढून त्या घरातच फेऱ्या मारत होत्या.

"अक्का, बाहेर चला ना, मी येते सोबत."

"नको माय, आठे घरमाच बरं शे. बाहेर लोके हासतस."

व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता, पण तो कोणी काढला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला सांगवलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मी बसले.