आधी हात, मग मशीन

माझ्या दवाखान्यात आलेला माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग पडद्याकडे. पडद्यावरचं काळंपांढरं कुणालाच कळत नाही, पण डॉक्टरीणबाईच्या कपाळाला आठी पडली की नाही, हे मात्र सगळ्यांना बरोबर कळतं. त्यामुळे मंचरला इतकी वर्षं सोनोग्राफी करून मी एक गोष्ट पक्की कमावली आहे, ती म्हणजे मख्ख चेहरा. नवरा म्हणतो, घरी येतानाही तोच घालून येतेस. येते! इतक्या कष्टानं कमावलेला काय दवाखान्यात ठेवून येऊ?

माहेर माझं महाळुंगे पडवळचं, शेतकऱ्याच्या घरातलं. म्हणून आपल्या माणसांत काम करायचं सोपं जाईल असं वाटलं होतं. कसलं सोपं! मशीन नवीन आलं तेव्हा पेठचे एक बाबा पलंगावर आडवे झाले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, “बातम्या लावा की जरा.” दुसऱ्या एकांचं पित्ताशय बघायचं होतं. त्यांना बजावून सांगितलं, उद्या सकाळी काही न खाता या. नेमकी चतुर्थी होती. ते पहाटे लेण्याद्रीचा डोंगर चढून, दर्शन घेऊन थेट माझ्याकडे आले आणि छाती काढून म्हणाले, “बाई, कडक उपास हाय. निस्ती साबुदाण्याची खिचडी खाल्लीय, दोन वाट्या.” मी त्यांना जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. माझी जीभ तिखट आहे हे आसपासच्या दोन तालुक्यांना ठाऊक आहे. तरी लोक येतात, हा त्यांचा चांगुलपणा.

याच तिखट जिभेनं एकदा घात केला असता. ती गोष्ट सांगायला बसले आहे.

दिवाळीनंतरचे दिवस होते. डिंभे धरणाच्या पलीकडच्या एका गावातून एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेला नववा महिना लागलेला, तिसरी खेप. म्हातारी गावची सुईण. मी सुनेच्या पोटावर जेल लावलं तशी पोरगी शहारली आणि म्हातारी कडाडली, “अगं बाई, पोटुशीच्या पोटावर असलं गार लावत्यात का? आमी आधी हात चोळून ऊन करतो, मग लावतो.” मी म्हटलं, “आजी, हा दवाखाना आहे, चूल नाही.” तपासलं. मुलाचं डोकं खाली होतं, सगळं ठीक होतं. मुलाभोवतीचं पाणी थोडं जास्त होतं, तेवढं कागदावर लिहिलं आणि त्यांना पाठवून दिलं. तो सोमवार होता.

शुक्रवारी दोघी पुन्हा दारात! बाहेर बाकांवर बसायला जागा नव्हती. म्हातारी नंबर न लावता सरळ आत आली.

“बाई, पोर आडवं झालंय. परत बघा.”

“कुणी सांगितलं?”

तिनं दोन्ही तळहात पुढे केले. “यांनी.” मग सुनेच्या पोटाच्या डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणाली, “हितं डोकं लागतंय.”

आधीच सकाळपासून डोकं उठलं होतं. त्यात आपल्या मशीनवर कुणी शंका घेतली की मला मिरची लागते. मी म्हटलं, “आजी, चार दिवसांपूर्वी मी डोळ्यांनी बघितलंय. नवव्या महिन्यात मूल असं गिरक्या घेत नाही. आणि मशीन खोटं बोलत नाही. जा आता, कळा सुरू झाल्या की या.”

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता भांडते. पण ती एवढंच म्हणाली, “बरं. तुमी शिकल्याल्या.” सुनेचा हात धरला आणि गेली. मी पुढचा पेशंट घेतला. खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं. जिंकले ना मी!

आमच्याकडे प्रत्येक गरोदर बाईचा कागद जपून ठेवावा लागतो, कायदाच आहे तसा. तासाभरानं माझी मदतनीस बाई त्या आठवड्याचे कागद लावत होती. त्यातला एक माझ्यापुढे धरून म्हणाली, “यावर सही राहिलीय.” सही करताना माझंच अक्षर मला दिसलं. पाणी जास्त. तिसरी खेप.

तिसऱ्या खेपेचं पोट सैल, त्यात पाणी जास्त. अशा पोटात मूल विहिरीत पोहणाऱ्या पोरासारखं कुठूनही कुठं जातं. हे मी शिकले होते, नव्या डॉक्टरांना शिकवलंही होतं. आणि आडवं मूल घेऊन ती पोरगी धरणापलीकडे निघाली होती. तिथं रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या, तर ऑपरेशन होईल अशा जागी पोचायला तीन तास. मूल गेलं असतं, कदाचित तीही.

“दुपारची एसटी?” मी विचारलं.

“गेली की मघाशीच.”

पण घोडेगावला ड्रायव्हर खाली उतरून निवांत चहा घेतो, हे साऱ्या तालुक्याला माहीत. मी तशीच, ॲप्रनवरच स्कूटर काढली. वाटेत एका ओळखीच्या भाऊंनी हात केला, “डॉक्टरीणबाई, आग लागली का काय?” मी थांबले नाही. लागलीच होती, मीच लावलेली.

घोडेगावच्या स्टँडवर एसटी सुरू झालेली होती. मी स्कूटर सरळ तिच्यापुढे आडवी घातली. ड्रायव्हरनं शिवी हासडायला तोंड उघडलं, ॲप्रन बघितला आणि मिटलं. चढून आत गेले. तिसऱ्या बाकावर दोघी बसल्या होत्या. भर एसटीत सगळ्यांसमोर मी म्हणाले, “आजी, माझं चुकलं. चला परत.”

कंडक्टर म्हणाला, “बाई, आमचा टाइम जातोय.” म्हातारी त्याच्यावर खेकसली, “जाऊ दे की! चा पिताना न्हाई गेला का?” सगळी गाडी हसली. मला मात्र रडू येत होतं.

रिक्षा करून त्यांना परत आणलं. या वेळी जेलची बाटली मी आधी गरम पाण्यात बुडवली. पडद्यावर मुलाचं डोकं दिसलं, डाव्या कुशीत, म्हातारीनं हात ठेवला होता तिथंच, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. मी मान वर केली. वाटलं, आता टोमणा येणार. तिनं विचारलं, “चा मिळंल का?”

गावातल्याच एका दवाखान्यात सुनेला दाखल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या आणि लगेच ऑपरेशन झालं. तिसरीही मुलगीच. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलबी वाटतात. म्हातारी आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. म्हणाली, “जिलबी चिकाट असती. तुमच्या मशीनला लागंल.”

तेव्हापासून माझी रीत ठरली. जेलची बाटली गरम पाण्यात. हात चोळून ऊन करायचे. आधी हात पोटावर, मग मशीन. नवे डॉक्टर हसतात, हसू देत. आणि ती गोष्ट मी सगळ्यांना सांगत आले, की एक सुईण मशीनला हरवायला आली होती आणि हरवून गेली.

मागच्या वर्षी ती म्हातारी स्वतःच आली, पोट दुखतं म्हणून. पार वाळून गेली होती, जीभ मात्र शाबूत. मी हात चोळले आणि तिच्या पोटावर ठेवले. उजव्या बरगडीखाली दाबलं तशी ती कळवळली.

“पित्ताचा खडा दिसतोय, आजी,” मी ऐटीत म्हणाले. “बघा, तुमच्यासारखं हातानं सांगितलं.”

“मशीन लावा,” ती म्हणाली.

“का? तुमचा तर हातावर केवढा भरवसा! त्या दिवशी मशीनला खोटं पाडलंत.”

ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी त्या शुक्रवारी बघितलं होतं तशीच.

“बाई, माझ्या थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला म्या हातावर अशीच खातरी धरली व्हती. तिचं पोर गेलं. सुनेच्या टायमाला हाताला आडवं लागत व्हतं, पर मला खातरी नव्हती. खातरी असती तर तुमच्याकडं आले कशाला असते?”

इतकी वर्षं मी चुकीची गोष्ट सांगत आले होते. त्या दिवशी खोलीत खात्री असलेली एकटी मीच होते.

“लावा आता,” ती म्हणाली. “आन् ते ऊन केलंय ना?”

“केलंय, आजी,” मी म्हणाले आणि मशीन लावलं.