बाटलीतली भर

शेजाऱ्याच्या लघवीत मी एकदा माझी भर घातली होती. हसा, पण पूर्ण ऐका. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते, म्हणजे शहाणपणाची वाट पाहून थकलेली.

शेजारी म्हणजे आमच्या फुलचूरचा चेकरभाऊ. आम्ही बाया बिड्या वळून कारखान्यात नेत असू, तो तपासायचा. बिडी बोटांत फिरवायची, एक डोळा बारीक करायचा आणि फेकायची बाजूला. "छाट!" घरीही तेच. वरणात मीठ कमी, छाट. जावयाची मिशी, छाट. मला म्हणायचा, "बाई, तुमची बिडी पास, जबान छाट."

मूत्राशयाच्या कॅन्सरनं हा आवाज बसवला. गाठ काढली होती, पण ती परत उगवते, म्हणून दर काही महिन्यांनी नागपूरला लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून बघत. तारीख जवळ आली की त्याचं जेवण तुटायचं. "त्याच्यापरीस मेलेलं बरं जी," म्हणायचा. नागपूरची पिशवी खुंटीला कायम भरलेली.

एकदा डॉक्टरांनी नवी तपासणी सांगितली. बाटलीत लघवी द्यायची, मोठ्या शहरात तिच्यातले जीन तपासतात. त्यात काही दिसलं नाही, तर या खेपेची दुर्बीण पुढे ढकलू. बाटली घेऊन गोंदियाच्या लॅबमध्ये जायची भाऊला लाज. मी बाजाराला निघालेच होते. "द्या इकडे!"

लॅबमधली मुलगी म्हणाली, "आंटी, लाइन तक चाहिए. कम है."

आता परत कोण जाणार? धान मोजताना पायली कमी पडली तर शेजारीण मूठभर घालतेच की! मी तिथल्या बाथरूममध्ये गेले आणि रेघ गाठली. वर स्वतःवर खूश.

रिपोर्ट आला. काही नाही! चेकरभाऊ पेढे घेऊन दारात. "पास झालो, बाई!"

पेढा तोंडात टाकून मी विचारलं, "जीन म्हणजे काय हो, भाऊ?"

"ज्याचे त्याचे राह्यतेत जी. गाठ असन तं तिच्या पेशी लघवीत झडतेत. त्याच्यातले जीन पायतेत."

त्या बाटलीत निम्म्याहून जास्त मी होते. मग पास कोण झालं होतं?

तोंडाळ म्हणून गावभर नाव, आणि मी त्याचं दार चुकवून जाऊ लागले. मग एका सकाळी तो नागपूरची पिशवी रिकामी करून भाजीला निघालेला दिसला. तिथंच, त्याच्या बायकोसमोर, सगळं ओकून टाकलं.

वहिनींच्या हातातलं सूप खाली पडलं. तो छाट म्हणेल, शिवी देईल, म्हणून मी वाट पाहत होते.

"काऊन केलं जी तुमी असं?" एवढंच म्हणाला.

दुसरी बाटली तो स्वतः घेऊन गेला. या वेळी रिपोर्टात दिसलं. नागपूरला दुर्बीण घातली, तर गाठ खरंच परत आलेली. लहान होती, काढली. त्यानंतर काही वर्षं काढली त्यानं, पण दुर्बीण काही सुटली नाही.

तो गेल्यावर मी वहिनींजवळ जाऊन बसले. बसले कसली, शाबासकी मागायला गेले होते. म्हटलं, "वेळेवर सांगितलं म्हणून तरी बरं झालं, नाही का वहिनी?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बरंच झालं जी. पण त्या खोट्या रिपोर्टावर हे जेवढे निजले ना बाई, तेवढे मंग कधीच नाई निजले."