देव हळू, माणसं जोरात

रामवाडीच्या निकेशच्या पिकअपमध्ये बारा वर्षांत एका गणपतीचं बोटसुद्धा मोडलं नाही. पेणच्या कारखान्यातून मूर्ती रोह्याला धाडायच्या म्हणजे पहिला फोन त्यालाच. खाली गुडघाभर पेंढा, दोन मूर्तींच्या मध्ये जुन्या गोधड्या, आणि खड्डा आला की गाडी अशी उतरवायची की पायाजवळच्या उंदरालाही कळू नये. मागून कोणी हॉर्न मारला तर हा खिडकीतून हात काढायचा, देव बसलेत, थांब. लोक थांबायचेही.

हे सगळं खरं. पण परतीच्या वाटेला हाच माणूस दुसराच व्हायचा.

रोह्याहून रिकामी गाडी निघाली की रस्त्याकडेला भातलावणीहून परतणारी बायामाणसं हात करायची. त्यांच्या वाडीला एसटी नाही. निकेश मनाचा वाईट नव्हता, फुकट न्यायचा. पंधरा-वीस जणांना मागं कोंबायचा आणि दुसरी फेरी गाठायची म्हणून गाडी हाणायचा. मागून आरडाओरडा झाला की त्याला हसू यायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच वाडीतल्या चंदरची बायको मैना त्याच्या गाडीत पहिल्यांदाच चढली. जागा नव्हती म्हणून मागच्या फाळक्यावर टेकली. थोडं पुढं, मोरीजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि मैना उडून डांबरावर पडली. सकाळी त्याच खड्ड्यातून निकेशनं अकरा गणपती नेले होते. पेंढ्याची काडी हलली नव्हती.

मैना वाचली, पण खुबा गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा निकेशच पुढं झाला आणि बोलला, बांधावरनं घसरली. चंदर बाजूलाच उभा होता. तो गप्प राहिला. वाडीसाठी थांबणारी तेवढी एकच गाडी होती, तो काय बोलणार? पण त्यानंतर निकेशनं ते थांबणंही सोडलं. लांबून हात दिसले की काच वर घ्यायचा. वाडीतली माणसं परत चालायला लागली.

यंदा पेणला मंगल कार्यालयात ड्रायव्हर लोकांचं शिबिर झालं. आरटीओच्या साहेबांनी पट्टा, झोप, मोबाईल, दारू, सगळं समजावलं. मालाच्या गाडीत माणसं चढवायची नाहीत म्हणाले तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी निकेशचं नाव पुकारलं. कारखानदारांनीच सुचवलं होतं, बारा वर्षांत एक अपघात नाही, त्याचा सत्कार करा. त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. शेजारी बसलेल्या ड्रायव्हर दिनेशनं त्याला पाठीत ढकललं. "जा रे देवाच्या ड्रायव्हर, वहिनीला फोटो धाडतो."

साहेबांनी शाल टाकली, नारळ दिला, आणि कसं जमलं ते चार शब्दांत सांग म्हणाले. समोर साठ-सत्तर ड्रायव्हर. शालीखाली निकेशला घाम फुटला. नारळ कुठं ठेवावा तेही कळेना.

"ही काढून घ्या," तो बोलला. "मी माणूस पाडलंय."

मग खड्डा सांगितला, सकाळचे गणपती सांगितले, मैना सांगितली, दवाखान्यातलं खोटंही सांगितलं. टाळी कोणी वाजवली नाही. दिनेश जमिनीकडं बघत राहिला. शिबिराला येताना तोही चौदा जणांना मागं उभं करून आला होता. साहेबांनी वही काढली आणि मैनाचं नाव, वाडीचं नाव लिहून घेतलं.

निकेश तिथून सरळ वाडीवर गेला. मैना अंगणात बसून सुकट निवडत होती, काठी बाजूला. त्यानं सांगितलं, आता चौकशीला माणसं येतील, खरं तेच सांगा, मला वाचवू नका.

मैना सुकट निवडत राहिली. दारातून चंदर बोलला, तेही हळूच.

"ती गाडीला भ्यायची. चालतच यायची. त्या सकाळी आमी मोरीजवळच्या शेतात हुतो. तुजी गाडी खड्ड्यातनं जाताना बघितली तिनं. मला बोलली, बघा, कसा हळू नेतो हा. म्हनून तर सांजच्याला बसली."

मैनानं त्याला बसायला पाट सरकवला. निकेश उभाच राहिला.